रकाना नववा

"अपघात?" अस्नाकेच हसली.
"छे बाई, आमच्याकडे रस्ता तरी कुठे आहे!"

खरंच होतं. मोटार खालीच थांबते, निलगिरीच्या रांगेपाशी.
तिथून दीड तासाचा चढ, मग हे नऊ उंबरे
गोज्जामच्या डोंगराच्या खांद्यावर.
माझ्या पिशवीत आरोग्य कचेरीचा तक्ता:
गेल्या वर्षभरात, घरात किंवा घराभोवती, कोणाला काही इजा?
मी 'नाही'वर खूण केली.

मग ती कॉफी भाजायला बसली
आणि बाही मागे सरकली.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी
दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली, चकचकीत.
"हे होय? हे तर मितादचं.
इंजेरा उचलताना झाकण निसटलं.
वाफच ती, तिला काय कळतं."
"कधी?"
"तेफची मळणी चालली होती. नाही, संपत आली होती.
लोणी लावलं. दुसऱ्या दिवशी भाकर मीच केली,
डाव्या हाताने."

मी खोडलं. 'होय'.

पुढच्या घरापासून अपघात हा शब्दच टाकला.
विचारलं, ही गाठ कसली? हा दात कुठे गेला?
पाय कोणत्या सुगीत अधू झाला?

तिलाहुन: छप्पर शाकारताना घसरला.
हाड वोगेशाने बसवलं, कामट्या बांधून.
"छान बसलंय," म्हणाला,
आणि चालून दाखवलं.
थोडं बाहेरच्या बाजूला बसलंय.

शिताये: पाणी आणताना गाढवाची लाथ, बरगडीत.
मडकं वाचलं.
हे तिने दोनदा सांगितलं, मडकं वाचलं.

मेलकामू, वय अकरा: लाकूड फोडताना करंगळी.
कॉफीची पूड दाबली, रक्त थांबलं.
करंगळी कुठे पुरली ते दाखवायला
हाताला धरून मला कुंपणापर्यंत घेऊन गेला.
"खोल पुरलीय," म्हणाला, "कुत्रं उकरणार नाही एवढी."

तक्त्याचा नववा रकाना विचारतो:
हे टाळता आलं असतं का?
जागा एका अक्षराची.

एंगुदायकडे विचारलं, मुलं किती?
"चार."
चारही दारात उभी होती, नाकं पुसत.
भिंतीतल्या खिळ्याला बाप्तिस्म्याचा काळा दोरा,
गळ्यात घालायचा,
वळलेल्या मुठीतूनही न जाणारा, इतका लहान.
घरामागच्या विहिरीवर आता शिळा आहे.
दोघांनी मिळून सरकवायची,
आणि तिचा नवरा तर गुरांमागे दिवसभर बाहेर.
"मग पाणी?"
"शेजारच्या विहिरीचं आणते. तिला शिळा नाही."

मी चार लिहिले.
नववा रकाना तसाच राहिला. पेन्सिलीला टोक होतं.

शेवटचं घर येशीवर्कचं.
मी आत जाण्याआधीच नवरा बाहेर आला, हात मातीचे:
"बघा, चूल उचलली!"
तीन दगड आता जमिनीवर नव्हते,
कमरेएवढा ओटा, शेणामातीने सारवलेला, कोपरे गोल.
मोठी पोर गेल्या पावसात निखाऱ्यांत बसली होती, म्हणाला,
बसली होती, या शब्दावर
त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं.
येशीवर्क कुरकुरत होती,
उभं राहून कंबर मोडते, धूर थेट डोळ्यांत जातो,
सासू म्हणते ही कसली चूल, देवळातली वेदी जशी.
मी मात्र खूश. पहिल्यांदाच
लिहायला काही हाती लागलं होतं.

लिहू लागले आणि खरखर ऐकू आली.
धाकटी. वर्ष, सव्वा वर्षाची.
बसायचं तिवई-स्टूल, तिच्याहून जड,
जमिनीवरून ओढत, थांबत, पुन्हा ओढत
ओट्याच्या दिशेने आणत होती,
वर काय आहे ते बघायला.

तिघेही एकदम धावलो.

स्टूल आता छताच्या आढ्याला टांगलंय.
ते कोणाच्या डोक्यावर पडणार,
ह्याला तक्त्यात रकाना नाही.
मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलं:
दोरी तपासावी.