उखळ इमारतीत

मे महिन्यातल्या वावधानात
मोहाचं झाड आमच्या मुरमुऱ्याच्या भट्टीवर आडवं झालं.
अकराव्या दिवशी बोपचे सर्वेअर आले,
गोंदियाहून, फटफटीवर.
पाणी नको म्हणाले. आधी फीत काढली.
एक टोक मी धरलं.

भिंती इमारत.
कवेलू इमारत, फुटलेले मोजून सांगा.
दाराची कडी इमारत, कडीतलं कुलूप...
जरा थांबले... कुलूप सामान.
भट्टी मातीत बसवलेली, म्हणून इमारत.
तिच्यावरची कढई, कढईतली वाळू, झारा, चाळण्या,
भिजून कोंब फुटलेली सतरा पोती धान,
सामान.
"आणि बाई, सामानाचा विमा तुम्ही काढलाच नाही."

बँकेनं कर्जासोबत दिला तो घेतला होता.
पाच पानं. पहिल्यावर यादोरावची सही, शेवटच्यावर माझी.
मधली तीन अजून कोरी करकरीत आहेत.
त्यातच लिहिलंय म्हणे,
घर विकलं तर किती येतील ते नाही,
पुन्हा बांधलं तर किती लागतील ते लिहायचं.
जागा धरत नाहीत. जागा कुठं पडते?
आम्ही हप्ता हलका व्हावा म्हणून
चार लाखांच्या जागी दोन लिहिले.
आता नुकसानीचेही अर्धेच मिळतील.
अर्धं छप्पर कोणत्या बाजूनं घालायचं,
ते कोणत्या पानावर आहे, साहेब?

बोपचे काही बोलले नाहीत. उखळापाशी गेले.
गळ्यापर्यंत जमिनीत गाडलेलं, मधोमध तडकलेलं.
बुटाच्या टोकानं ढोसून पाहिलं.
"हलत नाही. इमारत."
मी मुसळाचे दोन तुकडे दाखवले.
"ते उचलता येतं ना?"
मला हसूच फुटलं.
केरात मुसळ, केरात मुसळ म्हणत म्हातारे झालो,
ते शेवटी विम्याच्या कागदात निघालं.

जाताना म्हणाले, एवढंच ध्यानात ठेवा,
मनातल्या मनात घर उचलायचं आणि उलटं करायचं.
खाली पडेल ते सामान,
चिकटून राहील ती इमारत.

रात्री ताडपत्रीखाली पडल्या पडल्या
मी घर उलटं केलं.
पोती पडली. कढई वाजत गेली.
यादोराव पडला, घोरत घोरतच.
शेजारची मांजर पडली, ती आमची नव्हतीच.
मी मात्र उखळाच्या काठाला धरून
कितीतरी वेळ लोंबकळत होते.

बोपचे साहेब,
लोंबकळणाऱ्याला कोणत्या रकान्यात टाकता?