चौथं तिकीट

अडतीच्या लाल वहीचं शेवटचं पान.
बाबगोंडाने वर लिहिलंय: अर्जेंटिना. माणसं चार. दिवस सोळा.
खालचा खर्च पेन्सिलीने,
हळदीचा दर पडला तर खोडता यावा म्हणून.

डिसेंबरात जायचं. तिथे तेव्हा उन्हाळा,
उजेड रात्री दहापर्यंत.
शकुंतला आरवाडेंनी चष्मा वर केला:
मग सूर्यास्ताआधी जेवायचं कसं?
बाबगोंडा म्हणाला, उलट सोयच की,
यंदा तरी घाईने घास गिळायला नको.

गावं सगळ्यांनी वेगवेगळी सुचवली,
पण बोट नकाशावरून घसरत घसरत
पार तळाला गेलं. उशुआया.
तिथून पुढे जमीन संपते.
नऊच होल आहेत तिथे. आपल्यासारखे नऊ.
त्यांच्याकडे हिरवळ, मागे बर्फ.
आपल्याकडे कारखान्यामागचं माळरान, बगॅसचा ढीग,
आणि होलभोवती जळकं तेल ओतून चोपलेली काळी वाळू,
जिच्यावरून चेंडू कुठे वळेल
हे फक्त दस्तगीरला कळतं.

मी लॅबमधला. अठ्ठावीस वर्षं रसाची गोडी मोजली,
म्हणून वजनं माझ्याकडे.
माणशी तेवीस किलो.
काठ्यांची पिशवी अकरा. उरलेल्या बारात
भडंग, शेंगदाण्याची चटणी, लोकरीचे मोजे,
आणि शकुंतलाबाईंचं रक्तदाबाचं यंत्र,
जे त्या आमच्यासाठी घेतायत असं म्हणतात.

बुधवारी अवधूत म्हैसाळकरचा फोन.
लेकीची तारीख डिसेंबरचीच निघाली.
अभिनंदन, म्हणालो. मग बराच वेळ
कुणी काही म्हणालं नाही.
खोल्या, गाडी, सगळा हिशोब चाराचा.

बाबगोंडाने वही ओढली.
अवधूतचं नाव होतं तिथे लिहिलं, दस्तगीर.
पेनाने.

एकवीस वर्षं तो आमच्या पिशव्या उचलतोय.
पहाटे, आम्ही यायच्या आधी, एकटा खेळतो
हे सगळ्यांना माहीत आहे.
स्कोअर कुणाला माहीत नाही.

पासपोर्टला जन्मतारीख लागते.
"कागद हुते. एकोणीसच्या पुरात गेले.
आई म्हनायची, कोयनेचा भूकंप झाला
तवा मी रांगत हुतो."
शकुंतलाबाईंनी बोटांवर मोजलं:
सदुसष्ट. मार्च नाहीतर एप्रिल.
शाळेच्या दाखल्यावर निघाली एक जून,
त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच.

संध्याकाळी पायरीवर बसून
त्याने माझ्या मोबाइलवर ते मैदान बघितलं.
दोन बोटांनी मोठं केलं, तिरकं धरलं.
"वारं कुठनं येतंय?"
पश्चिमेकडून, म्हणालो. समुद्रावरून.
"मग चेंडू खालनंच न्यायला लागंल."
थोड्या वेळाने:
"आन् तिथं माजी पिशवी कोन उचलनार?"

पाळीपाळीने उचलू, शकुंतलाबाई म्हणाल्या.
तो हसला. "तुमास्नी कुठनं जमतंय."
मग सहाव्या होलवर तेल टाकायला गेला.
हातात डबा उजवीकडे,
खांदा मात्र डावाच खाली.

उद्या दहाला मिरजेत फोटो.
पांढरा पडदा, कान दिसायला हवेत,
उन्हाची टोपी चालत नाही.
त्या टोपीशिवाय त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.
हे त्याला कोणी सांगायचं,
यावर अजून चर्चा चालू आहे.