घट

वणीच्या अलीकडे, फाट्यावर, मी काट्यावर बसतो.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
आणि साइडिंगला पोचेस्तोवर जे कमी भरतं
ते शेवटच्या रकान्यात: घट.
कुठे जाते, सगळ्यांना ठाऊक.
विचारत कोणी नाही.

बहीण माझी, प्रणाली, आयटीआयची वेल्डर,
गुजरातेत असते. मे महिन्यात आली चार दिवस.
लाईन गेलेली. अंगणात बाजा टाकलेल्या,
दिवसभराचे सत्तेचाळीस अंश
भिंतीतून अजून निघत होते.

"काय बनवतं वं तू तिथं?"
"भांडं."
"कशाचं?"
"ज्याच्या आतला जाळ भांड्याले शिवला
तं आधी जाळच विझते."

पंधरा कोटी अंश, म्हणाली.
मी म्हटलं, चंद्रपूरवाल्यांना सांगू नको, वाईट वाटेल त्यांना.
ती हसली नाही.
चुंबकांनी अधांतरी धरलेला विस्तव,
आणि चार पावलांवर त्याच चुंबकांची वेटोळी
इतकी गार, की हवेचा दगड व्हावा.

तिचं काम जोडाचं. एकेका जोडाला सहा दिवस,
मग हेलियम सोडून यंत्र हुंगतं.
तिचा एक जोड गळला होता, दिसणार नाही एवढा.
कापला. पुन्हा भरला. त्या रात्री जेवली नाही.

"चालू कधी होईल?"
"तुह्या पोरीच्या लग्नापर्यंत सांगत नाई."
पोर दुसरीत आहे.
"सध्या सेकंद मोजतो. मिनिटं झाले का पेढे वाटतो."

मग उठून बसली. माझ्याच रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर,
मोबाइलच्या उजेडात, दोन टिंबं काढली.
हायड्रोजनची भावंडं: एक जड, एक त्याहून जड.
"हे दोघं एक होतेत. मंग वजन केलं तं कमी भरते.
हजारात पावणेचार."
"कोण नेलं?"
"कोणीच नाई. तेच तं उजेड होते."

पंधरा वर्षं हा शब्द मी लिहितो आहे.
झोप लागली नाही. डास होते, तेही खरं.

सकाळी डबा घेऊन निघालो तेव्हा
पोर माठाला हात लावून ओरडत होती,
आत्या, हा गळून राह्यला!
प्रणालीनं ओल्या बुडावरून बोट फिरवलं,
सवयीनं, जोड तपासल्यासारखं.
"याले गळू दे," म्हणाली. "हा गळते म्हणून गार."

पहिला ट्रक साडेसातचा. घट, चाळीस किलो.