झोळ

घटस्फोटात सगळ्याची वाटणी झाली.
व्हर्लिनला ट्रक, मला घर.
कुत्र्याने आपलं आपण ठरवलं,
माझ्या पलंगाखाली येऊन मेलं.
बोट तेवढी सामाईक राहिली.
सम आठवडे माझे, विषम त्याचे,
आणि एप्रिलमधला एक शनिवार दोघांचा,
डागडुजीसाठी.

विनेबेगो सरोवराच्या काठाला
उरलेलं बर्फ किणकिणत घासत होतं.
झीलकेबाईंच्या शेडमध्ये, ट्रेलरवर, अठरा फुटी बोट.
पुढच्या बाकाखाली
तिचा बांधीव कूलर,
तळाला झोळ पडलेला.

तो काही एका दिवसात पडला नाही.
आधी झाकण नीट बसेना.
मग वितळलेलं पाणी मधोमध साचू लागलं
आणि निचऱ्याचं भोक कोपऱ्यात कोरडंच राहिलं,
पंगतीत पान न वाढलेल्या माणसासारखं.
स्पंज घेऊन ओणवं व्हायचं.
बाटल्यांची लेबलं सुटून तरंगायची.
मी म्हणायचे, तूच चढतोस झाकणावर,
वॉलआय जाळीत घ्यायला.
तो म्हणायचा, तुझ्या बहिणी बसतात.
तिघी. एकदम.

बावीस स्क्रू.
त्यातले नऊ जागच्या जागी फिरत राहिले,
निघाले नाहीत, घट्टही झाले नाहीत.
शेवटी कापावे लागले.
खोका वर आला तसा वास आला,
तळघराचा, शेवाळाचा, एका जुन्या जुलैचा.
खालचा फोम पाणी पिऊन पिऊन
असा सुस्तावलेला, की दोघांनी धरून काढला.
व्हर्लिनने तो माशांच्या काट्याला टांगला.
चौतीस पौंड.
"कोरडा असता तर दोनही भरला नसता."
अकरा वर्षं आम्ही हे ओझं सरोवरभर ओढत होतो
आणि शिव्या इंजिनाला देत होतो.

त्याखालचं प्लायवूड मी नखाने उकरलं.
आणि त्याच्याही मागे, अंधारात,
निचऱ्याच्या नळीवरची पट्टी,
सैल.
गंजली नव्हती, तुटली नव्हती,
कधी आवळलीच नव्हती.
ती कुणी बसवली, दोघांनाही आठवलं.
बोट नवी होती. त्याने नळी धरलेली,
माझ्या हातात पाना,
आणि कुणीतरी जेवायला हाक मारली.

काही वेळ शेडमध्ये फक्त हीटर बोलत होता.

मग त्याने खोका उलटा केला.
उलटा केला की झोळाची टेकडी होते.
त्याने ती गरम हवेने मऊ केली,
वर फळी, फळीवर नांगर, रंगाचे दोन डबे,
त्याची हत्यारांची पेटी.
टेकडी जराशी दबली. पुरेशी नाही.
त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"बस," म्हणाला.
मी बसले.
"हसू नकोस," मी म्हणाले.
तो हसत नव्हता, फळीच्या कडेखाली
वाकून बघत होता, एक डोळा मिटून.

तळ गार होईपर्यंत मी बसून राहिले.
मग आडव्या पट्ट्या, ज्या मुळात असायलाच हव्या होत्या,
काचेचं कापड, रेझिनचे तीन हात.
थंडीत रेझिन रुसतं, घाई केली तर चिकटच राहतं.
झीलकेबाईंनी राय ब्रेड आणि लोणच्यातली काकडी पाठवली.
त्याने गुडघ्याबद्दल सांगितलं.
मी छपराबद्दल.
बाकी काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी, खरं तर ठरलेला नसलेल्या रविवारी,
नवं प्लायवूड, कोरडा फोम, खोका जागेवर.
त्याने खिशातून बेअरिंगची एक गोळी काढली
आणि तळावर सोडली.
ती मधोमध येऊन थबकली.
आम्ही दोघेही श्वास धरून.
मग कलली, घरंगळली,
भोकाशी जाऊन टक् वाजली.

येता आठवडा विषम आहे, त्याचा.
पण नळीवरची पट्टी मी आवळली.
मग त्याने आवळली.
मग तो पाना पुसायला वळला तेव्हा
मी अजून एक पाव फेरा दिला.