सहाची लेडीज बॅच

त्या ग्रीक बेटाच्या खाडीत
मी एकटीच उतरले.
पाण्याखाली जुन्या बंदराचे चिरे,
त्यांवरून माझी सावली सरकत गेली
कुणाला न विचारता.
वन्सं काठावर,
मांडीवर माझा चष्मा, दशम्यांचा डबा,
आणि ‘लांब जाऊ नकोस गं’ –
एवढंच काय ते मराठी
त्या अख्ख्या समुद्रात.

आज कोथरूडच्या तलावावर, सहाची लेडीज बॅच.
क्लोरीनचा वास. टोपीत न मावणारा वन्संचा अंबाडा.
चौसष्टाव्या वर्षी, दांडी घट्ट धरून,
त्या हळूच विचारतात,
‘तिथे फार खोल होतं का गं?’

‘तळ दिसत होता,’ म्हणते मी.

त्या एक हात सोडतात.
दुसरा अजून दांडीवर.