नमुना

विट्याला पंचायत समितीच्या हॉलमध्ये
एकेक खुर्ची सोडून बसवलं आम्हाला.
मुल्ला मॅडम म्हणाल्या, यंत्र साधं आहे,
कपड्याच्या चिमट्यासारखं.
बोट थंड असेल तर चोळायचं.
मेंदी, नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट.
चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला की फोन.
रडायचं नाही, धावायचं नाही, आधी फोन.

शमशादनं विचारलं, आणि दारच उघडलं नाही तर?
मॅडमनी मास्क खाली घेतला, पाणी प्याल्या,
बाटलीचं झाकण सावकाश लावलं.
ते पुस्तिकेत नव्हतं.

गावात यंत्राआधी यंत्राची कीर्ती पोचलेली.
बोट घातलं की नाव लागतं,
नाव लागलं की गाडी येते,
गाडी येते ती फक्त न्यायला.
केराबाईनं दोन्ही हात पदरात गुंडाळले,
म्हणाली, "मला बोटंच न्हाईत. फुडं जा."

मग मी आधी माझंच बोट घालायला लागले.
दर उंबऱ्याशी.
बघा मावशी, लाल दिवा, चावत नाही,
अठ्ठ्याण्णव. आता तुमचं.
चाळीस घरं,
चाळीस वेळा मी जिवंत.

मग गलाईवाले परतले,
कोइमतूरहून, त्रिचूरहून, कुणी पार गुवाहाटीहून.
शाळेत ठेवले, पाचवीच्या वर्गात,
भिंतीवर पाढे, खाली सतरंज्या.
सर्जेराव मोकाशी त्यांतलाच.
वीस वर्षं ॲसिडच्या धुरात दुसऱ्यांचं सोनं शुद्ध केलेलं,
नखं करपलेली, बोटांची टोकं गुळगुळीत.
यंत्र लावलं, नुसत्या दोन आडव्या रेघा.
दुसरं बोट, रेघा. तिसरं.
तो हसला, "बाई, रेशनचं मशीनपण मला वळखत न्हाई."
शेवटी डाव्या हाताची करंगळी सापडली,
मुशीच्या वाट्याला कधी न गेलेली.
त्र्याण्णव.
"आमच्यात त्र्याण्णव म्हंजे भेसळ," तो म्हणाला,
आणि खोकला.
मी फोन लावला.

गाडी आली, मिरजेला घेऊन गेली.
त्या आठवड्यात
मला एकही दार उघडलं नाही.

सतराव्या दिवशी तो आला, फाट्यापासून चालत,
मधे दोनदा मैलाच्या दगडावर बसून.
लोकांनी खिडक्यांतून मोजलं,
गेला तेवढाच परत आलाय का.

नंतर आम्ही कार्यक्रम धरला.
जत्रा त्या साली झालीच नव्हती,
महादू साठेची हलगी चैत्रापासून खुंटीला.
पटांगणात फक्कीचे गोल मारले,
सहा मिनिटं चालायचं, मग बोट.
घड्याळ कोण बघणार?
महादू म्हणाला, मी वाजवतो, थांबलो की थांबा.
साठीपुढच्या बाया, मास्कवरून पुन्हा पदर,
सोयरिकीला निघाल्यासारख्या तुरुतुरु.
केराबाई सगळ्यांत पुढं.
तिला बोटं फुटली होती.

सर्जेराव टेबलाशी वही घेऊन.
मिलीग्रॅम लिहायची सवय, अक्षर मुंगीएवढं,
दर आकड्यापुढं उगाच टिंब आणि शून्य.
शहाण्णव पॉइंट शून्य.
सत्त्याण्णव पॉइंट शून्य.
एका म्हातारीनं विचारलंच, "आन् वरचं शून्य कशाचं घेतूस?"

सांजेला वही चाळली. एकशे बारा नावं.
तालुक्याला पाठवायच्या नमुन्यात
माझं नाव तळाशी, सहीपुरतं.
पण एकशे तेराव्या ओळीवर त्यानं
न विचारता लिहून ठेवलेलं,
नाव, वय अंदाजे,
पुढं जागा कोरी.

"तुमचा घ्यायचा राहिला."
म्हटलं, दिवसभर घेतेच की.
"त्ये नमुन्यादाखल," तो म्हणाला. "आता खरा."

यंत्र लावलं. बोट थंडगार.
चोळलं.
रेघा.
हलगी शेकायला केलेला महादूचा जाळ
कोपऱ्यात अजून धुमसत होता.
तिथं जाऊन
हात धरून उभी राहिले.