उदत

केप्याच्या आरोग्य केंद्रात दर बुधवारी
मला लसीकरणाच्या खोलीत एक टेबल मिळतं,
बर्फाच्या पेटीशेजारी.
एप्रिल आहे. खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येतो
आणि चित्रांची कार्डं घामाने बोटांना चिकटतात.

इनास सिद्दी. वय पाच वर्षं दोन महिने.
बालवाडीचा शेरा: बोलणं अस्पष्ट, भाषा समजत नाही.
मी त्याचे दाट कुरळे केस पाहिले
आणि, कबूल करते, पहिलं वाक्य इंग्रजीत बोलले.
त्याची आई, पास्कीन,
काजूच्या तेलाने सालपटलेली बोटं ओढणीत घेत म्हणाली,
"आमी आफ्रिकेचीं न्हय, बाय. हळियाळचीं."
आणि हसली.
हे वाक्य तिला रोज लागत असणार,
सुट्ट्या पैशांसारखं.

कार्ड पहिलं. नळ, खाली पेला.
"उदत," इनास म्हणाला.
मी लिहिलं: चूक. अपेक्षित: पाणी.
मांजर दाखवलं. "माजर."
लिहिलं: अनुस्वार गाळतो.
कोंबडा. "तोंबो."
कावळा. "तावळो."
चूक, चूक.
कार्डं पुण्यात छापलेली. त्यांच्यावरचा कोंबडा
केप्यात कधी आरवलाच नव्हता.

नवव्या कार्डाला पास्कीनने खुर्ची पुढे ओढली.
"तो उदक म्हणता. आमी उदकच म्हणतांव.
माजर म्हळ्यार माजरच.
पूण ताका 'क' येना, बाय.
काकाक 'ताता' म्हणता. काका रागार जाता."

पेन थांबलं.
जिभेचं मूळ वर उचललं गेलं नाही की क-चा त होतो,
हे मला झोपेतसुद्धा ऐकू यायला हवं,
त्याचाच पगार घेते मी.
समोर चार-पाच वेळा झाला,
आणि शब्द परका वाटला म्हणून
मी आवाज ऐकलाच नाही.

मी म्हसवडची.
तोंडी परीक्षेत बाई म्हणाल्या होत्या, "पाणी म्हणा."
म्हटलं, "पानी."
मागच्या बाकावरच्या मुली खोकल्यासारख्या हसल्या.
त्या वर्षी होस्टेलच्या आरशासमोर
जीभ वळवून वळवून मी एक ण कमावला,
अजून वापरते, झिजत नाही.
आईच्या पानीत नेमका कुठला दोष होता
ते मात्र कुठल्याच फॉर्मवर सापडलं नाही.

इनासचं पान मी फाडलं नाही.
चुकांची बेरीज केली
आणि पुढे लिहिलं: यातल्या निम्म्या तपासणारीच्या.

मग पेला भरला.
"इनास, गुळणी कर. घशातून आवाज येऊ दे."
त्याने डोकं मागे टाकलं, गुळगुळलं,
अर्धं उदक शर्टावर, थोडं बर्फाच्या पेटीवर.
सिस्टर आवदिना दारातून ओरडली.
"आता म्हण, उदक."
"उदत."
"परत."
"उद..." आणि घशाच्या तळाशी काहीतरी खरवडलं.
क नव्हता. पण त-सुद्धा नव्हता.
पास्कीन खुर्चीत अर्धी उठली होती.

"पुढच्या बुधवारी," मी म्हणाले,
"घरातले सगळे क घेऊन या.
माझ्याकडची कार्डं अपुरी आहेत.
काकालाही आणा."
"काकाक सुटी मेळना," ती म्हणाली,
आणि सव्वाबाराची बस गाठायला
मुलाला काखेत मारून पळाली.

रात्री घरी फोन लावला.
ठरवून, जपून, जुनाच शब्द काढायला गेले,
"आई, नळाला..."
जीभ आपोआप वळली. ण झाला.
पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग आई म्हणाली,
"कोन?"